चुन्याची चिठ्ठी

ठाणे, ता. २६ मे १९५३

चि. चित्रा हिस आशीर्वाद.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तू कारखान्यात येऊन गेलीस, हे मला पंढरी शिपायाने सांगितलं. प्रयोगशाळेच्या कपाटातून चुन्याच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक त्याच दिवसापासून नाहीसं झालं आहे. दोन्हींचा संबंध लावायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. पुस्तक परत पाठव.

राजीनाम्याचं तुझं पत्र मिळालं. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं आहेस. सहा वर्षं मी तुला ओळखते, चार शाळेत आणि दोन प्रयोगशाळेत, आणि तुझी प्रकृती घोड्यासारखी आहे. तू सध्या खडवलीला मामाकडे आहेस, असं तुझ्या वडिलांनी सांगितलं. नदीकाठची हवा चांगली असते. आंबेही असतील. पण पुस्तक नेऊन तिथे तू काय करणार आहेस, ते कळत नाही.

शुक्रवारी तू रजेवर होतीस. अर्जात 'घरगुती काम' लिहिलं होतंस. डोंबिवलीच्या घरी कुणापुढे पोह्यांच्या बशा ठेवायच्या होत्या, ते मला ठाऊक होतं, तरी मी रजा दिली. तेव्हा त्या दिवशी काय झालं ते तू पाहिलेलं नाहीस, हे आधी लक्षात घे. जे झालं ते असं.

साडेअकराला नामाने भट्टीतल्या पोलादावर तरंगणारी काळी मळी काढली. खाली पोलाद उघडं पडलं होतं. अशा वेळी त्याच्यावर ताबडतोब नवा चुना पडावा लागतो, नाहीतर केलेलं सगळं शुद्धीकरण फुकट जातं आणि पोलाद थिजू लागतं. सबनीस मॅनेजर घड्याळ हातात घेऊन उभे होते. नामाने चुन्याच्या शेडमधल्या खालच्या थरातली गोणी घेतली. ती भिजलेली होती. चौथ्या फावड्याला भट्टी उसळली आणि दारातून मळी बाहेर आली. नामाने निळी काच कपाळावर चढवली होती. ती डोळ्यांवर असायला हवी होती.

बस, इतकंच. गोणी पाहून घेणं हे भट्टीवाल्याचं काम.

बंगळूरच्या प्रयोगशाळेतल्या जागेसाठी तुला माझं शिफारसपत्र हवं होतं. त्याची मुदत जुलैअखेरपर्यंत आहे. मी विसरलेले नाही.

तुझी,
प्रधानबाई


ठाणे, ता. ५ जून १९५३

चि. चित्रा हिस आशीर्वाद.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ: 'बाई, नामाचे डोळे कसे आहेत?' ना मायना, ना सही. शुद्धलेखन ठीक आहे.

मी पुस्तकाबद्दल विचारलं होतं.

सबनीसांनी मला काल खोलीत बोलावलं. तुला त्यांची बोलायची पद्धत ठाऊक आहे. "मिस प्रधान, तुम्ही वरी करू नका हो. ह्यात लॅबचं काही नाही. कोळी माणूस, पाण्यातला. त्याला ओलं-सुकं काय कळणार! वीस जुलैला फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार, चौकशी होणार, अर्ध्या तासाचं काम. फक्त ते बुक तेवढं हवं. नाहीतर तो विचारेल, बुक कुठाय, आणि मग आपण काय सांगायचं? उंदरांनी खाल्लं?"

मी म्हटलं, पुस्तक मिळेल.

तुला त्या पुस्तकाचं महत्त्व मी समजावून सांगायची गरज नाही, पण सांगते. आपल्याकडचा चुना किती कोरडा आहे, ते प्रयोगशाळेने तपासून चिठ्ठीवर आकडा लिहिल्याशिवाय नामा गोणीचं तोंड सोडत नसे. वरची चिठ्ठी भट्टीवर जायची, कार्बनखालची पुस्तकात राहायची. हा नियम मी घातला. त्याआधी नामा गोणीत हात खुपसून ठरवायचा. मी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं, नामा, यापुढे हात नाही, कागद. तो हसला होता. म्हणाला, "बाय, कागुद काय चुन्यात बुडवून बघनार काय?" सगळे हसले. मी हसले नाही. महिन्याभरात त्याची सवय मोडली.

भट्टीवरची चिठ्ठी त्या दिवशी जळाली. तेव्हा आता कार्बनखालची तेवढी उरली आहे.

आणखी एक. कल्याणची ती मंडळी, ज्यांच्यासाठी तू रजा घेतलीस, त्यांच्यापैकी मुलाची मावशी गेल्या रविवारी माझ्याकडे आली होती. तुझी चौकशी करायला. मी सांगितलं, मुलगी हुशार आहे. तिने विचारलं, स्वभावाने? मी चहा ओतला. ती थोडा वेळ बसली आणि गेली. मी खोटं काहीच बोललेले नाही. पुस्तक आलं, तर ती पुन्हा विचारील तेव्हा अधिक बोलता येईल.

तुझी,
प्रधानबाई


ठाणे, ता. १८ जून १९५३

चि. चित्रा हिस आशीर्वाद.

पुन्हा तेच कार्ड, तोच प्रश्न. उत्तर हवं असेल तर ऐक. डॉक्टर म्हणतात, डाव्या डोळ्याची आशा नाही. उजव्यात थोडा उजेड येईल, असं त्यांना वाटतं. पण रोग्याचं मन शांत पाहिजे. चौकशी लांबली, कुणी नवं काही काढलं, उलटतपासण्या झाल्या, तर ते कसं शांत राहणार? विचार कर.

तुझ्या वडिलांचं पत्र आलं. कल्याणच्या मंडळींनी नकार कळवला, असं त्यांनी लिहिलं आहे. पत्रिका जुळत नाही म्हणे. मला वाईट वाटलं.

नामाची बायको जनाबाई काल प्रयोगशाळेत आली. पाटी बाहेर ठेवून आली, हे तिला कळलं म्हणायचं. मागे एकदा बोंबलांची पाटी घेऊन थेट तराजूपाशी आली होती. उभीच राहिली. मी बसायला सांगितलं नाही. म्हणाली, "बाय, ह्यो सारका येकच बोलतं. मीनी बायला सांगलंवतं, मीनी बायला सांगलंवतं. तू लिवते-वाचते. तूच सांग, सांगलंवतं का नाय?"

मी विचारलं, काय सांगितलं होतं?

"गोनी गरम लागतान म्हनून."

मी तिला म्हटलं, जनाबाई, भट्टी चालू असते तेव्हा तिथे माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. ती दाराकडे वळली. मग म्हणाली, "हां. पन तुना तं त्याला जाब दिलंव म्हनतं." आणि गेली.

आता तू म्हणशील, बाई, मग त्याने सांगितलं होतं की नाही? तुझी ही सवय मला माहीत आहे, वर्गातही तू बाक सोडून उभी राहायचीस. म्हणून मीच लिहिते. नामा काहीतरी बोलला होता. आदल्या दिवशी उधाणाची भरती होती, असंही काही. कोळ्याला तिथी सांगायला पंचांग लागत नाही. खाडीचं पाणी शेडमध्ये शिरलं असेल, खालच्या गोण्या बघू का, असं तो म्हणाला असावा. माझ्या हातात चिठ्ठी होती. सबनीस ओरडत होते. पोलाद उघडं होतं.

तू त्या दिवशी रजेवर नसतीस तर चुना तू तपासला असतास. हे तू नाकारू शकत नाहीस. माझ्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एक बाई, कारखान्यात, विजेच्या भट्टीपाशी, भोवती तीस पुरुष. मी 'थांबा' म्हटलं असतं आणि गोण्या कोरड्या निघाल्या असत्या, तर? १९२५ साली मी बी.एस्सी. झाले तेव्हा वर्गात मी एकटी होते. प्रोफेसर नमुना माझ्या हातात देताना म्हणायचे, जपून, ही फोडणी नव्हे. बावीस वर्षं शाळेत काढल्यावर मला ही प्रयोगशाळा मिळाली. ती गेली तर पुन्हा कुणी तिथे बाईला उभं करणार नाही. तुलाही नाही.

पुस्तक रजिस्टर पोस्टाने पाठव.

तुझी,
प्रधानबाई


ठाणे, ता. २ जुलै १९५३

चि. चित्रा,

तुझं तिसरं कार्ड. त्यावर या वेळी दोन ओळी आहेत. दुसरी अशी: 'चिठ्ठीवरचा आकडा सोमवारचा आहे.'

म्हणजे तू पुस्तक उघडून पाहिलं आहेस. अर्थात. मी तुला तसंच शिकवलं.

ठीक आहे. आता लपवण्यात अर्थ नाही. मी सोमवारी चुना तपासला होता. तेव्हा तो कोरडा होता. शुक्रवारी तू नव्हतीस, नळ्या धुतलेल्या नव्हत्या, सबनीसांनी दोनदा निरोप पाठवला. मी सोमवारचा आकडा शुक्रवारच्या चिठ्ठीवर उतरवला आणि सही केली. चार दिवसांत चुना कुठे जातो, असं मला वाटलं. मध्ये गुरुवारचं उधाण झालं, ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी नौपाड्यात राहते. तिथे भरती येत नाही.

नामाने गोणीला हात लावला. नियम मोडून लावला. मग माझ्याकडे आला, अगदी जवळ, आणि मोठ्याने म्हणाला, "बाय, काल उधान व्हतं. खालच्या गोनी गरम लागतान."

मी त्याला चिठ्ठी दाखवली आणि म्हणाले, "मे महिना आहे, नामा. सगळंच गरम आहे."

शेजारचे दोघं हसले. नामाही हसला. तुला ठाऊक आहे तो कसा हसायचा, भट्टीला 'सासूबाय' म्हणायचा, "आज सासूबाय तापलीय, चित्राताय, लांब ऱ्हा." तसाच हसला आणि फावडं उचललं.

इयत्ता नववी, पहिला प्रयोग. कळीच्या चुन्यावर पाणी घाला. काय होते? भांडे गरम होते. का? चुना विरतो म्हणून. बावीस वर्षं दर जूनमध्ये मी हे मुलींकडून पाठ करून घेतलं. तुझ्या हातातून तर तापलेलं भांडं पडलंही होतं, आणि मी तुला तासभर बाहेर उभं केलं होतं. नामा कुठल्याच वर्गात बसलेला नव्हता. त्याने मला सांगितलं, गोणी गरम आहे, आणि मी त्याला महिना सांगितला.

हे मी आजपर्यंत कुणाला लिहिलेलं नाही.

चौकशी वीस तारखेला आहे. सबनीसांना ठपका नामावर हवा आहे. तो बसला, तर कारखाना त्याला हलगर्जी माणूस म्हणून काढेल, आणि कोळीवाड्यात आयुष्यभर हेच सांगितलं जाईल की नामाने स्वतःच्या हाताने स्वतःचे डोळे जाळले. तुला हे चालणार नाही. पांढरी मळी पाण्यात टाकून कार्बाइडच्या बत्तीसारखा वास येतो का ते बघायला त्याने तुला शिकवलं, "बघ, बत्तीचा वास आला काय, आला म्हंजे पोलाद शुद्ध झालं," हे मला माहीत आहे. मलाही चालणार नाही.

पण तू स्वतः पुस्तक घेऊन इन्स्पेक्टरपुढे आलीस, तर काय होईल? दोन महिने ते तुझ्याकडे का होतं, हे आधी विचारतील. आकडा तूच नंतर लिहिलास, असंही सबनीस म्हणतील. एका वीस-बावीस वर्षांच्या मुलीचं कोण ऐकणार?

ते माझ्या हातून पुढे जाऊ दे. मी स्वतः पुस्तक उघडून इन्स्पेक्टरपुढे ठेवीन आणि सांगेन, ही माझी सही, हा सोमवारचा आकडा, आणि या माणसाने मला सावध केलं होतं. एका शिक्षिकेला स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगायची संधी दे. माझा शब्द देते.

तुझी,
मंदाकिनी प्रधान


ठाणे, ता. १४ जुलै १९५३

चि. चित्रा,

रजिस्टर पार्सल आज मिळालं. पुस्तक सुस्थितीत आहे. सोबत पत्र नाही, पण पार्सलच्या आतल्या कागदावर पेन्सिलने तोच प्रश्न आहे.

वीस तारखेनंतर लिहिते.

प्रधानबाई


ठाणे, ता. २२ जुलै १९५३

चि. चित्रा हिस आशीर्वाद.

चौकशी झाली. सबनीस म्हणाले होते तसं अर्ध्या तासात नाही, पाऊण तासात.

पुस्तक माझ्या पिशवीत होतं. हे तुला खरं वाटणार नाही, पण त्या सकाळी घरून निघताना मी ते उघडून पाहिलं, पान दुमडून ठेवलं, आणि वाटेत खोपट नाक्यापर्यंत चालत असताना काय बोलायचं ते मनात म्हणून घेतलं. दोन जुलैचं पत्र लिहिताना मी खोटं लिहीत नव्हते.

नामाला जनाबाईने हाताला धरून आणलं. त्याने धुतलेला सदरा घातला होता. डोळ्यांवर हिरवं कापड. इन्स्पेक्टर वयाने लहान होता, नीट बोलत होता. त्याने नामाला विचारलं, गोणी ओली आहे हे तुला कळलं होतं का? नामा म्हणाला, "गरम व्हती. मीनी बायला सांगलंवतं." इन्स्पेक्टरने विचारलं, मग टाकलीस का? नामा म्हणाला, "बायनी कागुद दाखवला. कागुद असला का टाकायचं, आसा कायदा हाय आमच्यात." मग माझ्या आवाजाच्या दिशेला मान वळवायची म्हणून इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं. मी बोलले नव्हते, त्यामुळे त्याला कळेना मी कुठे बसले आहे. तो सबनीसांकडे तोंड करून म्हणाला, "बायला इचारा. बाय हितंच हाय ना?"

इन्स्पेक्टरने मला विचारलं, या माणसाने आपल्याला गोणीबद्दल काही सांगितलं होतं?

मी म्हणाले, "नाही."

मला वाटलं होतं, हा शब्द जड जाईल. तसं काही झालं नाही. वर्गात हजेरी घेताना एखादी मुलगी नाही म्हणून पुढचं नाव घ्यावं, तसं ते निघालं. आणि एकदा निघाल्यावर पुढचंही आपोआप आलं: चिठ्ठी नियमाप्रमाणे तपासून दिली होती, पुस्तक अपघातात नष्ट झालं, खालच्या थरातल्या गोण्या वापरताना भट्टीवाल्याने कळवायला हवं होतं. सबनीसांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मारुती आणि काळुराम, ते दोघं जे माझ्या वाक्याला हसले होते, त्यांना विचारलं. दोघंही म्हणाले, भट्टीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

जनाबाई उठली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती काही बोलणार, तेवढ्यात नामाने तिचा हात खाली ओढला. तो हसत होता, तसाच, थोडं खाली बघून. म्हणाला, "ऱ्हाऊ दे गो. बाय शिकल्याली हाय. ती कशाला खोटं बोलंल? मीच बोललो नसन. मनातच बोललो असन."

इन्स्पेक्टरने ते लिहून घेतलं.

दुपारी भट्टीची पाळी होती. नव्या माणसाने काळी मळी काढली. मी पुस्तक घेऊन गेले. इतक्या उष्णतेत कागद पडायच्या आधीच जळतो. ज्वाळाही वेगळी दिसत नाही. त्यानंतर चुना पडला. पांढरी मळी झाली. मी एक तुकडा गार करून पाण्यात टाकला, वास घेतला. बत्तीचा वास अगदी स्वच्छ आला. त्या दिवशीचं पोलाद उत्तम निघालं.

हल्ली मी रोज सकाळी शेडमध्ये जाते आणि प्रत्येक गोणीला हात लावते. खालच्या थरापर्यंत. लोक बघतात. त्यांना वाटतं, बाई फार काटेकोर झाल्या.

सोबत शिफारसपत्र जोडलं आहे. ते मी सौम्य लिहिलेलं नाही. मी शिकवलेल्या मुलींत ही सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत काळजीपूर्वक काम करणारी आहे, असं लिहिलं आहे, आणि ते खरं आहे. बंगळूरची जागा तुला मिळेल. तू ती घेशील. तू इथे येऊन काही सांगू लागलीस, तर तुझ्याकडे दाखवायला काहीही नाही, आणि ते पत्र मात्र माझ्या सहीचं आहे. माझी जुनी पत्रं तुझ्याजवळ आहेत, हेही मला ठाऊक आहे. ती तू कुणाला दाखवणार नाहीस. तुझ्या मामांना, वडिलांना, बंगळूरच्या प्रोफेसरांना मग हेही सांगावं लागेल की तो एकच पुरावा तू बांधून, तिकिटं लावून, स्वतः माझ्याकडे पाठवलास.

सहा वर्षं मी तुला एकच गोष्ट शिकवली. कुणी आकडा दिला, तर स्वतः तपासल्याशिवाय वहीत लिहायचा नाही, मग तो आकडा देणारी मी का असेना. तू माझा शब्द तपासला नाहीस. नामाने माझी चिठ्ठी तपासली नाही. तुम्हा दोघांपैकी त्याचा दोष कमी. त्याने निदान गोणीला हात लावला होता.

आता तुझा प्रश्न. चार वेळा विचारलास, उत्तर द्यायला हवं. उजव्या डोळ्यात उजेड येईल, असं कुठलाही डॉक्टर कधी म्हणाला नव्हता. दोन्ही डोळे पंधरा मेला, दुपारी बाराच्या आत गेले.

तुझी,
प्रधानबाई